ॲडमिशन नाही? तरी आत या!

परदेशी विद्यापीठांची केंद्रं आपल्या शहरांत येऊन आता दहा-पंधरा वर्षं झाली. तिथली व्याख्यानं, चर्चा, प्रदर्शनं बहुतेक वेळा सगळ्यांसाठी खुली असतात, तीही फुकट. मग त्या हॉलमध्ये आपल्या कॉलेजची पोरं का दिसत नाहीत?

कॉलेजच्या ग्रुपवर एक पोस्टर येतं. वर एका अमेरिकन विद्यापीठाचा लोगो, मध्ये प्राध्यापकांचा फोटो, खाली तारीख, वेळ आणि दक्षिण मुंबईतला पत्ता. सगळ्यात तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : प्रवेश विनामूल्य, सर्वांसाठी खुला, नोंदणी आवश्यक. त्यावर दोन अंगठे येतात. एक जण विचारतो, 'कोण कोण जातंय?' पुढच्याच मिनिटाला कुणीतरी इंटर्नलच्या नोट्स मागतं आणि विषय संपतो.

मीही अशी बरीच पोस्टर्स वर सरकवली आहेत. टीवायला असताना मात्र एकदा गेले, कारण विषय होता मुंबईचं पाणी. माझं आजोळ शहापूर तालुक्यातलं. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणं याच तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे गावपाडेही याच तालुक्यात. मामाच्या घरी मे महिन्यात हंड्यांची रांग बघतच मी मोठी झाले. त्यामुळे या विषयावर आपल्याला थोडंफार कळतं, अशी एक खुमखुमी होती.

इमारतीच्या गेटवर वॉचमननं विचारलं, "कोणाकडे जायचंय?" कोणाकडे? मी गडबडले. "लेक्चरला," म्हटलं. त्यानं माझ्याकडे, माझ्या सॅककडे आणि कॉलेजच्या आयकार्डाकडे बघितलं, रजिस्टर पुढे केलं आणि लिफ्ट दाखवली. वर एसी हॉल, पन्नासेक खुर्च्या आणि सगळं इंग्रजीत. वक्त्यांनी मोठा नकाशा दाखवला. निळे तलाव, त्यातून निघणाऱ्या जाड रेषा आणि खाली मुंबई. व्याख्यान भारी होतं. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा माझा प्रश्न मराठीत तयार होता. मनातल्या मनात त्याचं इंग्रजी करेपर्यंत तीन जणांचे हात वर जाऊन आले. मग 'लास्ट क्वेश्चन' अशी घोषणा झाली आणि तोही दुसऱ्याच कुणाचा तरी होता.

त्या संध्याकाळी पुढे काय झालं ते शेवटी सांगते. त्याआधी हा सगळा प्रकार काय आहे ते समजून घेऊ.

सेंटर म्हणजे नक्की काय?

मोठी विद्यापीठं दुसऱ्या देशांत आपली छोटी ठाणी उभारतात. अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाचं पॅरिसमध्ये २००४ पासून केंद्र आहे. त्यानंतर २०१० मध्ये बीजिंग, २०१४ मध्ये दिल्ली आणि २०१८ मध्ये हाँगकाँग. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठानं २००९ मध्ये अम्मान आणि बीजिंगपासून सुरुवात केली आणि २०१० मध्ये मुंबई व पॅरिसची केंद्रं सुरू केली. पुढे सॅंटियागो, नैरोबी, रिओ, ट्युनिस अशी यादी वाढत गेली.

यातली बहुतेक केंद्रं म्हणजे पूर्ण कॉलेज नव्हे. तिथं आपल्यासारख्यांना ॲडमिशन घेऊन बीए किंवा बीएस्सी करता येत नाही. विद्यापीठाचे प्राध्यापक त्या देशात संशोधनाला आले की त्यांना बसायला जागा, तिथल्या विद्यार्थ्यांना एखादं सत्र परदेशात शिकायची सोय, माजी विद्यार्थ्यांच्या भेटीगाठी आणि स्थानिक संस्थांसोबत परिषदा, असं त्यांचं काम चालतं. शिकागोच्या हाँगकाँग कॅम्पससारख्या एखाद्या ठिकाणी नोकरी करणाऱ्यांसाठी एक्झिक्युटिव्ह एमबीएही चालतं.

या सगळ्याच्या जोडीला एक वेगळं खातं असतं, 'पब्लिक प्रोग्रॅम्स'. खुली व्याख्यानं, पुस्तकावरच्या गप्पा, डॉक्युमेंटरी दाखवून चर्चा, शिक्षकांसाठी कार्यशाळा, प्रदर्शनं. विद्यापीठाशी ज्यांचा काहीच संबंध नाही, त्यांच्यासाठी हे खातं असतं. म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी.

व्याख्यानमाला आपल्याला नवी नाही

विद्यापीठानं आपल्या भिंतींबाहेर जाऊन शिकवायचं, ही कल्पना दीडशे वर्षं जुनी आहे. केंब्रिजचे जेम्स स्टुअर्ट १८६७ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या शहरांत जाऊन बायकांसाठी व्याख्यानं देऊ लागले. विद्यापीठांत तेव्हा बायकांना पदवी मिळत नव्हती. त्यांच्या व्याख्यानांना इतकी मागणी आली, की १८७३ मध्ये केंब्रिजनं हे काम अधिकृतपणे आपलं म्हणून घेतलं. शिकागो विद्यापीठ १८९२ मध्ये सुरू झालं तेव्हा पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी 'युनिव्हर्सिटी एक्स्टेन्शन' हा विभाग पहिल्या दिवसापासूनच ठेवला. वर्गात न बसणाऱ्यांनाही शिकवणं हे त्यांच्या विद्यापीठाच्या मूळ आराखड्यातच होतं.

आपल्याकडेही याच सुमारास हे घडत होतं. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये. आजही ती चालते. आपल्या विद्यापीठांचे बहिःशाल विभाग गावोगावी व्याख्यानं देतात, ते याच जातकुळीतलं काम. तालुक्याच्या गावी सतरंजीवर बसून आजोबांनी ऐकलेलं व्याख्यान आणि एसी हॉलमधला 'टॉक' यांच्यात नातं आहे. फरक एवढाच, की आजोबांना आत जाताना कुणी 'कोणाकडे जायचंय?' असं विचारलं नव्हतं.

तुरुंगातलं विद्यापीठ

परक्या शहरात गेलेलं विद्यापीठ त्या शहराला काय देऊ शकतं, याचं एक उदाहरण हाँगकाँगमध्ये बघायला मिळतं.

शिकागो विद्यापीठाचा तिथला कॅम्पस माउंट डेव्हिस नावाच्या टेकडीवर आहे. समोर समुद्र आणि झाडांना वळसा घालत गेलेली काचेची लांबलचक इमारत. कॅनडातले वास्तुरचनाकार बिंग थॉम यांनी ती आखली. २०१६ मध्ये ते गेले आणि दोन वर्षांनी कॅम्पस उघडला. पण त्या जागेवर आधीपासूनच काही जुन्या इमारती उभ्या होत्या. सुरुवातीला तिथं ब्रिटिश लष्कराच्या इंजिनीअर तुकडीची मेस होती. पुढे पोलिसांच्या स्पेशल ब्रँचनं तिथं माणसं डांबायला सुरुवात केली. कागदोपत्री नाव 'व्हिक्टोरिया रोड डिटेन्शन सेंटर'. लोकांच्या तोंडी मात्र 'व्हाइट हाउस', कारण भिंती पांढऱ्या.

१९६७ च्या मे महिन्यात हाँगकाँगमध्ये प्लॅस्टिकची फुलं बनवणाऱ्या एका कारखान्यात कामगारांचा वाद पेटला. बघता बघता त्याचं रूपांतर वसाहती सरकारविरुद्धच्या डाव्यांच्या मोठ्या आंदोलनात झालं. दंगली झाल्या, बाँब ठेवले गेले, ५१ माणसं मेली. सरकारनं आणीबाणीचे नियम वापरून अनेकांना खटला न चालवता कोंडून ठेवलं. त्यातल्या काहींना याच पांढऱ्या इमारतीत आणलं गेलं. त्यांत कामगार संघटनांचे लोक होते, तसे सिनेकलाकारही होते. बाहेरच्यांना आत काय चाललंय ते कळायचा मार्ग नव्हता.

आता विचार करा. अशी जागा एका श्रीमंत अमेरिकन विद्यापीठाला मिळाली. जुन्या खोल्यांना मस्त रंग देऊन, सेमिनार रूम करून, कुंपण घालून बसता आलं असतं. पण या इमारती वारसा म्हणून नोंदलेल्या होत्या, आणि त्या जपून लोकांसाठी खुल्या ठेवायच्या हे या प्रकल्पात ठरलेलं होतं. म्हणून तिथं जागेचा इतिहास सांगणारं दालन झालं. मेस, कैदखाना आणि नंतर विद्यापीठ, अशी सगळी गोष्ट तिथं येणाऱ्याला कळते. त्यासाठी शिकागोचा विद्यार्थी असावं लागत नाही.

ही साधी बाब नाही. २०२० मध्ये हाँगकाँगला राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला आणि काय बोलावं, किती बोलावं याची धास्ती शहरात वाढली. खटल्याशिवाय कैद म्हणजे काय, हे ज्या भिंतींनी पाहिलं त्या भिंती अशा काळात लोकांना बघता येणं याला वजन आहे. शिवाय ती गोष्ट त्या शहराची स्वतःची आहे. शिकागोहून कुणी ज्ञान घेऊन आलं आणि वाटलं, असा हा प्रकार नाही.

पॅरिसचं घर

दुसरं उदाहरण पॅरिसचं. माँपारनासमध्ये रू द शेव्हर्ज नावाच्या छोट्या गल्लीत कोलंबियाचं 'रीड हॉल' आहे. ही जागा एकेकाळी चिनीमातीच्या भांड्यांचा कारखाना होती. १८९३ मध्ये एलिझाबेथ मिल्स रीड या अमेरिकन बाईंनी तिथं चित्रकला शिकायला आलेल्या मुलींसाठी क्लब काढला. पॅरिसमध्ये एकट्या राहणाऱ्या मुलींना उठायला-बसायला सुरक्षित जागा हवी होती. पहिल्या महायुद्धात तिथं जखमींचं हॉस्पिटल झालं. युद्धानंतर विद्यापीठात शिकणाऱ्या बायकांचं ते केंद्र बनलं आणि १९६४ मध्ये कोलंबियाकडे आलं. कारखाना, क्लब, हॉस्पिटल, विद्यापीठ. प्रत्येक वेळी घराचं काम बदललं आणि १८९३ नंतर तर दरवेळी बाहेरून आलेल्या कुणाला तरी तिथं जागा मिळाली. आज तिथं संशोधकांसोबत लेखक, कलाकारही राहून काम करतात आणि संध्याकाळच्या कार्यक्रमांना शहरातली माणसं येतात.

बोटीनं न्यूयॉर्क, लोकलनं मुंबई

कोलंबियाचं नाव महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं पोचले. मे १९१६ मध्ये त्यांनी प्रा. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये भारतातल्या जातींवर निबंध वाचला. तेव्हा ते २५ वर्षांचे होते. सेमिनार म्हणजे काय, तर आपण एक मांडणी करायची आणि समोरच्यांनी ती तपासायची, प्रश्न विचारायचे. तिथवर पोचायला त्यांना संस्थानची शिष्यवृत्ती आणि समुद्रापारचा बोटीचा प्रवास लागला.

आज त्याच विद्यापीठाचं केंद्र मुंबईत आहे. शिकागोचं दिल्लीचं केंद्र कॅनॉट प्लेसजवळ बाबा खडकसिंग मार्गावर आहे, राज्याराज्यांच्या हस्तकला एम्पोरियमच्या शेजारी. लोकल किंवा मेट्रोनं पोचता येईल इतकं जवळ. २०२० च्या कोविडनंतर तर बरेच कार्यक्रम ऑनलाइनही दिसू लागले. म्हणजे अंतर कमी झालं. तरीही आपण पोस्टर वर सरकवतो.

दोष फक्त आपला नाही

आपल्या न जाण्याची कारणं खरी आहेत, ती लपवण्यात अर्थ नाही.

पहिलं कारण भाषा. शहर मराठी-हिंदीत जगतं आणि त्याच शहरावरची चर्चा शंभर टक्के इंग्रजीत होते. ज्यांच्याबद्दल बोललं जातंय त्यांनाच प्रश्न विचारता येत नाही. दुसरं, जागा आणि वेळ. वर्किंग डेला संध्याकाळी सहाला दक्षिण मुंबईत पोचायचं, तर कर्जत-कसाऱ्याच्या मुलानं शेवटची दोन लेक्चर्स बुडवायची आणि घरी रात्री अकराला पोचायचं. मुलगी असेल तर घरचा वेगळा पेपर द्यावा लागतो. तिसरं कारण म्हणजे वातावरण. सगळे एकमेकांना ओळखतात, हसून बोलतात आणि आपण चहाचा कप धरून भिंतीवरची पोस्टर्स वाचत उभे.

आणखी एक गोष्ट उघडपणे बोलली पाहिजे. विद्यापीठं हे सगळं केवळ उदार मनानं करत नाहीत. नाव पसरतं, देणगीदार माजी विद्यार्थी जोडलेले राहतात, उद्या लाखोंची फी भरणारे विद्यार्थी मिळतात. त्यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही, पण हिशोब माहीत असलेला बरा. पाहुणा आपल्या शहरात राहतोय, आपल्या शहरावर संशोधन करतोय. मग त्यानं जे शोधलं ते इथल्या लोकांना इथंच, त्यांना कळेल असं सांगावं, ही अपेक्षा ठेवायला हरकत काय?

ही अपेक्षा आत्ताच ठेवायला हवी, कारण पाहुणे वाढणार आहेत. यूजीसीनं २०२३ मध्ये नियम करून परदेशी विद्यापीठांना भारतात थेट कॅम्पस उघडायची परवानगी दिली. साउदम्प्टन विद्यापीठानं गुरुग्राममध्ये सुरुवातही केली. जून २०२५ मध्ये मुंबई-नवी मुंबईसाठी पाच संस्थांना इरादापत्रं मिळाली : ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची डिझाइन संस्था आयईडी. हे पदवी देणारे कॅम्पस असतील. त्यांची फी आपल्यातल्या बहुतेकांना परवडणारी नसेल, हे सांगायला ज्योतिषी नको. मग नवी मुंबईतल्या बाकीच्या मुलांना त्या कॅम्पसचा उपयोग काय? बसमधून जाताना दिसणारी काचेची इमारत, की संध्याकाळी जाऊन बसता येईल असा हॉल? हे कॅम्पस उभे राहतानाच ठरणार आहे. हाँगकाँगमध्ये लोकांसाठी खुली जागा प्रकल्पातच धरलेली होती, म्हणून ती झाली.

जायचं ठरवलंत तर...

• केंद्राच्या संकेतस्थळावर ईमेल नोंदवा. कार्यक्रमांची माहिती घरबसल्या येते. नोंदणी वेळेत करा आणि आयकार्ड जवळ ठेवा.

• एकटं जायला धाकधूक वाटत असेल तर दोघं-तिघं जा. पण एकमेकांना चिकटून बसू नका.

• वक्त्याचं एखादं भाषण किंवा लेख आदल्या रात्री बघून ठेवा. अर्धं इंग्रजी तिथंच सोपं होतं.

• प्रश्न वहीत लिहून न्या. दोन ओळींचा, आपल्या गावाशी, घराशी, अभ्यासाशी जोडलेला. इंग्रजी अडलं तर मध्येच मराठी-हिंदीत बोला. कुणीतरी भाषांतर करून देतंच. निदान तशी विनंती करता येते.

• वक्त्याला ॲडमिशन आणि स्कॉलरशिपबद्दल लगेच विचारू नका. त्यासाठी वेगळी माहितीसत्रं असतात. इथं विषयावर बोला.

• आवडलं तर दुसऱ्या दिवशी चार ओळींची मेल टाका. आवडलं नाही, भाषा कळली नाही, वेळ गैरसोयीची वाटली, तर तेही लिहा. फीडबॅक फॉर्म असतोच. आपण भरत नाही एवढंच.

• आपल्या कॉलेजच्या वाङ्मय मंडळातर्फे किंवा एनएसएसतर्फे केंद्राला पत्र लिहा : 'एक कार्यक्रम आमच्याकडे करा.' फार तर नाही म्हणतील.

नकाशावरचं बोट

आता माझ्या त्या संध्याकाळचं. प्रश्नोत्तरं संपली आणि सगळे चहाकडे वळले. मी कप धरून भिंतीवरची पोस्टर्स वाचत उभी होते. वक्ते चहा घ्यायला माझ्या शेजारीच आले आणि सहज म्हणून विचारलं, "तू कुठून आलीस?" मी म्हटलं, "कल्याण. पण माझं आजोळ शहापूरला आहे, तानसाजवळ." ते कप ठेवून थांबले. मग मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मामाच्या गावचे हंडे, टँकर, पहाटेची रांग असं सगळं सांगितलं. अडले तिथं बाजूच्या एका ताईनं मदत केली.

त्यांनी लॅपटॉप परत उघडला. तोच नकाशा. "गाव कुठे आहे, दाखव," म्हणाले. मी स्क्रीनवर बोट ठेवलं. तलाव होता, तिथून निघालेली जाड निळी रेषा होती, गाव नव्हतं. त्यांनी मला नाव विचारून ते वहीत लिहून घेतलं. स्पेलिंग दोनदा विचारलं.

त्या नकाशात पुढे गाव आलं की नाही, मला माहीत नाही. पण पन्नास माणसांच्या त्या हॉलमध्ये ते गाव माहीत असलेली मी एकटीच होते, आणि मी गप्प बसले असते तर ते कुणालाच कळलं नसतं. त्यानंतर मी अशा कार्यक्रमांना जाते तेव्हा पहिल्या तीन रांगांत बसते. हात लवकर दिसतो.

पुढचं पोस्टर ग्रुपवर आलं, की 'कोण कोण जातंय?' एवढंच विचारून थांबू नका. आपलं नाव टाका. गेटवर कुणी विचारलंच, "कोणाकडे जायचंय?" तर सांगा, "लेक्चरला. नोंदणी केली आहे."